काही कमी पडलं नाही

स्वस्थ बसा. एक पदक डोळ्यांसमोर आणा, ब्रॉन्झ स्टार. पाच टोकांचा कांस्याचा तारा, वर तांबडी फीत, फितीच्या मधोमध पांढऱ्या काठांचा निळा पट्टा. अमेरिकेनं हे पदक १९४४ साली, महायुद्ध चालू असतानाच सुरू केलं. लढाईतल्या शौर्यासाठी ते मिळालं असेल, तर फितीवर ‘व्ही’ अक्षराची बारीक धातूची खूण लावतात. तुमच्यासमोरच्या फितीवर ती खूण नाही. हे पदक नौदलाच्या रसद अधिकाऱ्याचं आहे, असं धरून चला. खूण नाही म्हणून नजर पुढे सरकू पाहील. सरकू देऊ नका.

आता त्याच्या कामाच्या जागी जाऊ. पश्चिम पॅसिफिकमधलं उलिथी. प्रवाळाच्या लहान लहान बेटांचं कडं आणि आत विस्तीर्ण, खोल, शांत पाणी. सप्टेंबर १९४४ मध्ये ते अमेरिकेच्या हाती आलं, लढावं लागलं नाही. तिथं ना धक्का होता, ना गोदाम. जहाजंच गोदामं झाली. कशात पीठ आणि बटाटे, कशात तोफगोळे, कशात तेल. दुरुस्तीसाठी तरंगत्या गोद्यासुद्धा ओढून आणल्या. पुढच्या मार्चमध्ये, ओकिनावाच्या मोहिमेआधी, त्या पाण्यात सहाशेंहून अधिक जहाजं नांगरून होती.

सहाशे हा आकडा तसाच गिळू नका. एकच जहाज घ्या. त्यावरच्या माणसांना उद्या सकाळी काय खायला लागेल? पिण्याचं पाणी किती? पंपाचा कुठला भाग झिजलाय, तो कुठून येणार, आणि तो यायला लागणाऱ्या आठवड्यांचा हिशेब आधीच कुणी करून ठेवलाय का? आता शेजारचं जहाज. मग त्याच्या शेजारचं. दमायला होतं ना? होऊ द्या. त्या माणसाचा दिवस असाच जायचा.

हे काम सुखरूप जागचं होतं, असं मनात येत असेल तर २० नोव्हेंबर १९४४ ची सकाळ आठवा. ‘मिसिसिनेवा’ हे तेलानं भरलेलं जहाज उलिथीच्या आतल्या पाण्यात उभं होतं. माणूस आत बसून चालवायचा तो जपानी पाणतीर, कायतेन, त्यावर येऊन आदळला. ६३ जण गेले.

आणि तेल म्हणजे फक्त इंजिनाचं खाद्य, असंही समजू नका. तेल हे वजन असतं. टाक्या भरलेल्या असल्या की जहाज लाटांत पाय रोवून राहतं. १८ डिसेंबरला फिलिपाइन्सच्या पूर्वेला अमेरिकेच्या अॅडमिरल हॅल्सी यांचा ताफा तुफानात सापडला. ‘स्पेन्स’ या विनाशिकेच्या टाक्या जवळजवळ रित्या होत्या. आदल्या दिवशी तिला तेल द्यायचा प्रयत्न झाला होता, पण खवळलेल्या समुद्रानं तो होऊ दिला नाही. हलकी पडलेली ती नौका उलटली. त्या दिवशी तीन विनाशिका बुडाल्या, सुमारे ७९० खलाशी मेले. इथं जरा जास्त वेळ थांबा. रसद पोचत नाही तेव्हा ती अशी दिसते. पोचते तेव्हा काहीच दिसत नाही. म्हणूनच, माझ्या मते, या पदकाकडे पाहायला शौर्यपदकापेक्षा जास्त सावकाशी लागते.

शेवटी आणखी एका माणसाचा विचार करा: त्या अधिकाऱ्याच्या वरिष्ठाचा. पदकासाठी शिफारस त्याला लिहायची आहे. बुडवलेलं शत्रूचं जहाज दाखवता येत नाही, वाचवलेल्या माणसाचं नाव सांगता येत नाही. ताफे ठरल्या दिवशी निघाले, भटारखाने पेटत राहिले, कुणी रित्या हातांनी परतलं नाही, एवढंच त्याच्यापाशी आहे. तरी तो लिहायला बसलाय, कारण काही कमी पडलं नाही, हे त्याच्या लक्षात आलंय. त्याच्या जागी तुम्ही बसा आणि पहिलं वाक्य मनाशी जुळवून पाहा.