खो देऊन खाली बसावं

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे ९ गडी मैदानात असतात, त्यांतले ८ बसलेले. धावतो एकटाच, आणि बंधनंही त्याच्यावरच: बसलेल्या गड्यांची मधली पाटी ओलांडायची नाही, धरलेली दिशा खांब येईपर्यंत बदलायची नाही. पळणाऱ्याला मात्र सगळं मैदान मोकळं. तरी गडी बाद होतात ते खोमुळे. पळणारा पलीकडे निसटला, की तिकडे तोंड करून बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणायचं आणि लगेच त्याच्या जागी बसायचं.

वेळापूर, वाडीकुरोलीसारख्या गावांनी आपल्या सोलापूर जिल्ह्यात हा खेळ जोपासला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. पण मैदानात कर्णधारालाही सवलत नाही. खो दिला की त्यालाही बसावंच लागतं.

नियोजन शिट्टीच्या आधी होतं. खांबाजवळ कोण बसेल, समोरच्या तिघांच्या तुकडीतला चिवट गडी कोणता, आधी कुणाला दमवायचं, हे सगळं तेव्हाच ठरतं. शिट्टीनंतर कुणी कुणाला विचारायला जात नाही. ज्याच्या टप्प्यात गडी, त्याचा निर्णय.

मोडनिंबच्या आसपास द्राक्षाच्या बागेत काढणी चालू असते तेव्हा हेच कळतं. छाटणीची तारीख, मजुरांची टोळी, व्यापाऱ्याशी सौदा, क्रेट, गाडी हे सगळं मालकानं आधी बघायचं. पण अवकाळीची सर येऊन गेल्यावर मणी तडकलेत, हे पहिल्यांदा दिसतं वेलीखाली कात्री घेऊन उभ्या असलेल्या बाईला. ती मुकादमाला सांगणार, मुकादम मालकाला फोन लावणार, मालक व्यापाऱ्याला विचारणार. तोवर खराब घड चांगल्या मालात मिसळलेले. 'तडकलेला घड दिसला की तोड थांबवा, विचारत बसू नका' एवढं आदल्या दिवशी सांगून ठेवलं असतं, तर खो वेळेवर मिळाला असता.

काही साहेब खो देतात, पण खाली बसत नाहीत. काम सोपवतात आणि ज्याला सोपवलं त्याच्याच मागे धावत राहतात. मैदानात याला सरळ फाउल धरतात. कचेरीत त्याला देखरेख म्हणतात! आणि बसलेल्यांनीही ध्यानात ठेवावं, की बसणं म्हणजे आराम नव्हे. खेळ आपल्याकडे वळतोय हे आधी दिसलं, तरच उठताना उशीर होत नाही.

आज कामाला लागण्यापूर्वी एवढंच बघावं: समोरचा निर्णय आपल्या बाजूचा आहे की पलीकडच्याचा? आपला असेल तर टाळू नये. त्याचा असेल तर अडवून धरू नये. दम संपायची वाट न बघता खो द्यावा आणि निमूट बसावं.