आतिथ्याचें ऋण

'जुलाब' हा शब्द कानीं पडतांच मराठी वाचकाला औषधाच्या पुडीची आठवण होऊन त्याचें तोंड वाकडें होईल. परंतु फारसींतील 'गुलाब', म्हणजे गुलाबपाणी, याचेंच अरबींत 'जुलाब' झालें, आणि तोच शब्द पश्चिमेची वाट चालतां चालतां अमेरिकेच्या दक्षिण प्रांतांत 'मिंट ज्युलेप' या पेयाच्या रूपानें अवतरला. आमच्याकडे तो वैद्याच्या पडवींत राहिला, तिकडे दिवाणखान्यांत जाऊन बसला. शब्दांनाही दैव असतें!

निदान शेंकडा ५१ मका असलेल्या धान्यापासून काढलेली व आंतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपांत मुरविलेली बर्बन, साखर, पुदिना आणि कुटलेला बर्फ, एवढेंच याचें साहित्य. चांदीच्या पेल्यावर बाहेरून दंव धरलें म्हणजे तो पाहुण्याच्या हातीं द्यावयाचा, ही तिकडील आतिथ्याची खूण. केंटकींतील लुइव्हिल शहरीं १८७५ पासून दरसाल होणाऱ्या डर्बीच्या शर्यतीच्या वेळीं आजही असे हजारों पेले रिते होतात.

मद्यपान बरें कीं वाईट, हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. एखाद्या घराच्या आतिथ्याची कीर्ति गाजते, तेव्हां तें औदार्य वस्तुतः कोणाचें असतें?

व्हर्जिनियांतील रिचमंड येथें जॉन डॅबनी नांवाचा एक कृष्णवर्णी गृहस्थ होऊन गेला. ज्युलेप बनविण्यांत त्याचा हातखंडा होता. परंतु तो जन्मानें गुलाम असल्यामुळें ते कुशल हात कायद्यानें दुसऱ्याच्या मालकीचे होते. आपल्या वांट्यास येणाऱ्या कमाईंतून त्यानें आधीं पत्नीला सोडविलें, मग स्वतःच्या मुक्ततेची किंमत हप्त्यांनीं फेडूं लागला. तोंच १८६५ मध्यें यादवी युद्ध संपून गुलामगिरी नष्ट झाली. तरीही त्यानें उरलेली रक्कम पूर्वीच्या मालकिणीस नेऊन दिली!

या प्रामाणिकपणाची वाखाणणी करून आपण मोकळे होतों, आणि येथेंच चुकतों. माणसाला त्याचाच देह विकत देणारा करार मुळांतच अन्याय्य होय. हिशेब मांडूं गेल्यास डॅबनी ऋणको नव्हे, धनकोच ठरतो. मग त्याचें देणें व्यर्थ झालें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. कायद्यानें त्याला वस्तु ठरविलें होतें, आणि वस्तूला वचन देतां येत नाहीं, मग तें पाळणें दूरच. त्यानें पाळला तो मालकिणीचा हक्क नव्हे, स्वतःचा शब्द. मात्र देणाऱ्याच्या थोरपणानें घेणाऱ्याचा दोष धुतला जात नाहीं.

म्हणून पेले फोडावेत असें आम्ही म्हणत नाहीं. पुदिना बिचारा निरपराधी आहे. पण पंक्तीचा मान यजमानास मिळतो, आणि चुलीपाशीं कोण होतें हें पाहुणा क्वचितच विचारतो. तेवढें विचारण्याची संवय जरी आपण लावून घेतली, तरी आतिथ्याचें खरें ऋण कोणाचें, हें तरी निदान कळेल.