चकाकी

दिवाळी जवळ आली की आम्हां मध्यमवर्गीयांना घासण्याचा झटका येतो. समया, पितळी डबे, फरशी! गेल्या वर्षी त्यात आमच्या जुन्या मोटारीची भर पडली. गाडी विकायची होती आणि गिऱ्हाईक होते आमच्याच शाळेत नुकते लागलेले एक तरुण शिक्षक.

मिस्त्रींनी २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवला, रबरी ठोकळ्याला गुंडाळला आणि बॉनेटवर फिरवू लागले. पांढुरके पाणी ओघळले आणि उरलीसुरली चमकही गेली. माझा चेहरा पाहून ते हसले. "सर, आधी मारावं लागतं, मगच चमकतं." पुढे कंपाऊंड आले, लोकरीचा बफ आला आणि तासाभरात बॉनेटमध्ये आभाळ दिसू लागले.

पॉलिश म्हणजे वरून काही चोपडणे, अशी माझी समजूत. प्रकार नेमका उलटा! रंगावर एक पारदर्शक थर असतो, साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. ओरखड्याच्या तळापर्यंत तोच घासून सपाट करायचा. सपाट झाला की प्रकाश विखुरत नाही, सरळ परततो. तीच चकाकी. पुन्हा घासायला तेवढा थर कमी उरतो, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही.

दाराजवळचा एक ओरखडा खोल निघाला. "हा घासला तर खालचा रंग उघडा पडेल. म्हणाल तर ग्लेझ भरतो; चार धुण्यांपर्यंत कळायचं नाही."

मी विचारात पडलो. पाहुणे येणार म्हणून भिंतीच्या ओलीवर आपण कॅलेंडर टांगतो. त्याला लबाडी कोण म्हणेल? पण पाहुणा घर विकत घ्यायला आला असेल, तर तेच कॅलेंडर खोटे बोलते. ग्लेझ मी नको म्हटले. पण मग घासून पातळ केलेल्या थराचे काय? तिथे तर भरलेले काहीच नाही. जे दिसते ते खरेच आहे. तरी सांगावे की नाही?

"आपण घेतली तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं होतं?" घरातून प्रश्न आला. बिनतोड होता, पण उत्तर नव्हते.

गाडी न्यायला आले तेव्हा मी त्यांना ओरखडा दाखवला, थराचेही सांगितले. त्यांनी किती ऐकले कोण जाणे! ते बॉनेटमध्ये वाकून स्वतःचे केस नीट करीत होते. मी तेच पुन्हा एकदा सांगितले.