‘नंतर बघू’ म्हणजे कधी?

पेपर वाचला तुझा. मग कोड उघडून बसले. पेपरात तू हुशार दिसतोस. कोडात जसा आहेस तसा दिसतोस.

प्रीप्रोसेसिंगची फाइल. लिंगाच्या रकान्यात तीन खुणा होत्या: एम, एफ आणि ओ. तिसऱ्या खुणेच्या झाडून सगळ्या ओळी तू उडवल्यास. एका ओळीचा कोड, झालं काम. आणि त्या ओळीपुढे स्वतःच्याच हातानं शेरा मारून ठेवलास, ‘नंतर बघू’. नंतर म्हणजे कधी रे? पीएचडी झाल्यावर? नोकरी लागल्यावर? का पेन्शन सुरू झाल्यावर?

ओळी उडवल्याचा मला तेवढा राग नाही. राग त्या शेऱ्याचा आहे. न कळता केलं असतंस तर समोर बसवून समजावलं असतं. पण तुला कळलं होतं! इथं काहीतरी पाणी मुरतंय हे तुझ्या डोक्यात आलं, बोटांतून खाली उतरलं आणि तरीही तू एंटर दाबलंस. वर पेपराच्या शीर्षकात काय, तर ‘सर्व रुग्णांसाठी’ धोक्याचं भाकीत. सर्व! ज्यांना दाराबाहेर काढलंस त्यांना धरून सर्व, की सोडून?

हिमोग्लोबिनच्या रकान्यात एका लॅबनं एकक बदललं होतं, ते कोणी पकडलं? तू. हजारो ओळींतून रात्रभर जागून कोणी दुरुस्त केलं? तूच. म्हणजे नजर आहे, चिकाटी आहे. आकडा चुकला की तुला झोप लागत नाही. माणूस गळला की मात्र गाढ लागते. ही कुठली तऱ्हा?

‘मॅडम, फारच थोडे होते. मॉडेल शिकलं नसतं.’

ठाऊक आहे. संख्याशास्त्र मलाही येतं. थोडे होते, तर थोडे होते असं लिही. किती होते ते लिही. का काढले ते लिही. तुझ्या पेपरात यातलं एक अक्षर नाही. आणि थोडे का होते, हा प्रश्न तुला पडला का? २०११च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरातून ४,८७,८०३ माणसं नोंदली गेली. महाराष्ट्रात ४०,८९१. सव्वाअकरा कोटींच्या राज्यात एवढीच? बाकीची कुठं गेली? २०१४मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला. त्यानंतर आठ वर्षांनी, २०२२मध्ये, आपल्या राज्याच्या पोलीस भरतीच्या अर्जात दोनच रकाने होते आणि त्यासाठी उच्च न्यायालयाला सरकारचे कान उपटावे लागले. रकानाच नाही तर माणूस मोजणार कुठं? मोजला नाही म्हणून थोडा. थोडा म्हणून तू उडवलास. तू उडवलास म्हणून पुढच्याला आणखी थोडा. या रहाटगाडग्याला आता तुझाही हात लागला, अभिनंदन.

आणि वगळलंस कोणाला? राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, २०१७च्या पाहणीत हिजडा आणि ट्रान्सजेंडर गटात एचआयव्हीचं प्रमाण ३.१४ टक्के निघालं. देशातल्या प्रौढांमध्ये तेव्हाचा अंदाज ०.२२ टक्के. जवळजवळ चौदापट. आजाराचा धोका ओळखणारं मॉडेल बनवायला निघालास आणि ज्यांच्या दारात धोका ठाण मांडून बसलाय त्यांनाच यादीतून काढलंस. याला संशोधन म्हणायचं?

बरं, तो ‘ओ’ भरला कोणी? विचारलंस कधी? केसपेपरच्या खिडकीशी दहा मिनिटं उभा राहिला असतास तर दिसलं असतं. मागे रांग लागलेली, खिडकीतला माणूस वर बघतो, चेहरा पाहतो, खूण करतो, पुढचा! विचारलं कोणीच नाही. कुठं ‘ओ’ म्हणजे तृतीयपंथी, कुठं ‘ओ’ म्हणजे माहिती भरायची राहिली. तुझ्या डेटात यातलं कुठलं आहे? माहीत नाही ना? ज्या रकान्याचा अर्थ माहीत नाही त्याच्यावर कात्री चालवायला मात्र तू तयार. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या, पण पीठ कोणी दळलं याची चौकशी करायची नाही.

तुला वाटतं, ‘ओ’ काढला की डेटा स्वच्छ झाला. इथंच घोडं पेंड खातंय. ट्रान्स पुरुष ‘ओ’मध्ये असेलच असं नाही. तो ‘एम’मध्ये असेल. कागदपत्रं बदललेली नसतील तर ‘एफ’मध्ये असेल. म्हणजे तू उडवलेस ते थोडेच. बाकीचे तुझ्या स्वच्छ डेटात निमूट बसलेत आणि तुझं मॉडेल त्यांच्याबद्दल खुशाल चुकीचं बोलतंय.

पटत नाही? कागद घे. मूत्रपिंडं किती चालतात ते काढायचं २०२१चं सूत्र घे, तुझ्या कोडात आहेच ते. वय ४०, क्रिॲटिनिन १.२. लिंगाच्या जागी ‘एम’ टाक. उत्तर येतं ७८ च्या आसपास. आता रक्त तेच, माणूस तोच, फक्त ‘एफ’ टाक. उत्तर ५९. आणि साठाची रेघ कसली असते हे तुला सांगायला नको. साठाच्या खाली तीन महिने राहिलं की जुनाट मूत्रपिंडविकाराचा शिक्का. आता सांग, बरीच वर्षं टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या, स्नायू कमावलेल्या ट्रान्स पुरुषासाठी तू कोणतं अक्षर टाकणार? जन्माच्या दाखल्यावरचं? आधारवरचं? का खिडकीतल्या माणसाला जे वाटलं ते? याच सूत्रातून वंशाचा गुणक काढून टाकायला अमेरिकेतले डॉक्टर वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा कुठं २०२१मध्ये तो गेला. लिंगाचा अजून तिथंच आहे. तू तो तीन सेकंदांत चिकटवलास.

आता ही गोष्ट नीट ऐक. मोबाइल उलटा ठेव. २०१९मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक प्रकरण छापून आलं. अमेरिकेतला बत्तीस वर्षांचा माणूस. पोटात प्रचंड दुखतंय म्हणून तातडीच्या विभागात आला. नोंदीत ‘पुरुष’. आपण ट्रान्स आहोत हे त्यानं सांगितलं. घरी केलेली गर्भचाचणी पॉझिटिव्ह आली, हेही सांगितलं. रक्तदाब चढलेला. नर्सनं काय पाहिलं? जाडजूड पुरुष, रक्तदाबाच्या गोळ्या सोडलेल्या, थांबू दे. काही तासांनी डॉक्टरांच्या लक्षात आलं की तो गरोदर आहे. नाळ खाली सरकलेली. शस्त्रक्रियेची धावपळ झाली. मूल मेलेलं जन्माला आलं.

त्या नर्सला दुष्ट म्हणून मोकळा होऊ नकोस. तिनं त्याचं ऐकलं होतं. पण डोळ्यांपुढे जी खूण होती तिनं कानांवर मात केली. आणि ‘मग नोंदीत स्त्री लिहायला हवं होतं’ असंही म्हणू नकोस, तो पुरुषच होता. एका रकान्यावर दोन प्रश्नांचं ओझं टाकलं होतं: हा माणूस कोण, आणि याच्या शरीरात कोणते अवयव आहेत. मीठ आणि साखर एकाच डब्यात भरायची आणि चहा बिघडला की पिणाऱ्याला दोष द्यायचा, अशातला प्रकार. इंग्लंडमध्ये अजूनही डॉक्टरकडे ‘पुरुष’ म्हणून नोंद असलेल्या ट्रान्स पुरुषाला गर्भाशयमुखाच्या तपासणीचं बोलावणं आपोआप जात नाही. यंत्रणा त्याला वाईट वागवत नाही. तिला तो दिसतच नाही. तुझं मॉडेल अशाच नोंदी खाऊन मोठं होणार आहे. त्या नर्सला निदान पश्चात्ताप होऊ शकतो. तुझ्या मॉडेलला?

‘पण सगळेच असं करतात.’

करतात. संशोधक ऑस कीज यांनी २०१८मध्ये चेहऱ्यावरून लिंग ओळखणारे पेपर गोळा करून तपासले. ९४.८ टक्के पेपरांनी लिंग दोनच आहेत असं धरलेलं. म्हणजे तुझ्या सोबतीला मोठी वरात आहे. मग काय? तू पीएचडी कशासाठी करतोयस, वरातीत नाचायला? त्याच काळात ओबरमायर नावाच्या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांत सर्रास वापरला जाणारा अल्गोरिदम उघडून पाहिला. तो आजाराऐवजी खर्च मोजत होता. कृष्णवर्णीयांवर कमी खर्च होतो, म्हणून त्याला ते कमी आजारी वाटायचे. दुरुस्ती केली असती तर जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५वर गेलं असतं. हे शोधायला त्यांनी कुठलं अवघड गणित केलं? रकान्याचा अर्थ विचारला. बस्स. त्यासाठी सुपरकॉम्प्युटर लागत नाही, लाज लागते.

आता तुझा तो नवा प्रस्ताव. तो वाचून तर मी कपाळावर हात मारला. चेहरा आणि आवाजावरून लिंगओळख ‘आधीच ओळखणारं’ मॉडेल. विषय चलतीत आहे, अनुदान मिळेल, होय ना? आधी ज्यांना डेटातून पुसलंस, आता त्यांनाच हुडकायला निघालास. कशासाठी? कोण मागतंय हे? कोणाच्या हातात देणार? सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ला सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. तुझं मॉडेल यात कोण लागून गेलं?

‘डेटा पब्लिकच आहे, मॅडम.’ पब्लिक म्हणजे फुकट नव्हे रे बाबा. अमेरिकेतल्या विल्मिंग्टनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी हार्मोन घेणाऱ्या ट्रान्स लोकांचे यूट्यूबवरचे व्हिडिओ उचलले, ३८ माणसांचे, आणि त्यातून चेहरे ओळखायचा संच बनवला. त्या पोरांनी ते व्हिडिओ आपल्यासारख्या दुसऱ्या कुणाला धीर यावा म्हणून टाकले होते. त्यातल्या काहींना आपला चेहरा कुठं गेला याचा पत्ताच नव्हता. आणि अचूकतेचं म्हणशील तर २०१९मध्ये कोलोरॅडोच्या चमूनं मोठमोठ्या कंपन्यांच्या चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या सेवा तपासल्या. ट्रान्स पुरुषांच्या बाबतीत चूक ३८ टक्क्यांपर्यंत. जे स्वतःला स्त्रीही म्हणत नाहीत आणि पुरुषही म्हणत नाहीत त्यांच्या बाबतीत शंभर टक्के, कारण उत्तरांत त्यांची जागाच नव्हती.

अचूक असतं तर आणखी वाईट झालं असतं. इतिहास शाळेत सोडलास, म्हणून सांगते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग काढून वाच. उत्तर हिंदुस्थानात इंग्रजांनी हिजड्यांच्या याद्या केल्या. नाव, पत्ता, मालमत्ता, सगळं पोलिसांच्या वहीत. नाव चढलेला माणूस बाईच्या वेषात रस्त्यावर दिसला तर वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. तेव्हा यादी करायला शिपाई घरोघर हिंडवावा लागायचा. तू ते काम घरबसल्या करून देणार. तुझा हेतू चांगला आहे हे मला माहीत आहे. तुझा हेतू फाइलबरोबर डाउनलोड होत नाही.

‘मी इंजिनिअर आहे, हे सामाजिक शास्त्रवाल्यांचं काम’ हे वाक्य माझ्यापुढे पुन्हा काढू नकोस. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळी दरीत गेली की म्हणायचं, मी तर उंटाचा तज्ज्ञ. शेवटच्या पानावर ‘मर्यादा’ नावाचं एक वाक्य टाकलं की गंगेत न्हाल्यासारखं वाटतं का तुम्हा पोरांना? मर्यादा माहीत होती तर तिच्या आत का नाही राहिलास?

आता कामाचं. शीर्षकातलं ‘सर्व’ आज रात्री निघालं पाहिजे. किती ओळी काढल्या, कोणत्या आणि का, हे पद्धतीच्या भागात, ठळक. त्या ओळी परत घालून मॉडेल चालव आणि त्या गटावर ते कितपत चुकतं ते छाप, वाईट दिसलं तरी छाप. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजचा २०२२चा अहवाल वाच. जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि आजची ओळख, असे दोन वेगळे प्रश्न विचारा असं त्यात म्हटलंय. मराठीत ते कसे विचारायचे हे तू आणि मी ठरवायचं नाही. शहरात या लोकांच्या संस्था आहेत, तिथं जा, चहा पी, ऐक. लॅपटॉप नेऊ नकोस. जे वेळ देतील त्यांना मानधन द्यायचं, बजेटात ती ओळ घाल.

चेहऱ्यांचा प्रस्ताव मागे घे. त्यावर चर्चा नाही.

आणि एथिक्स कमिटीचा अर्ज नव्यानं भरायचा. आयसीएमआरची २०१७ची संशोधन-नैतिकतेची तत्त्वं माझ्या कपाटात आहेत, घेऊन जा. लैंगिक अल्पसंख्याकांना त्यात असुरक्षित गटांत धरलंय, आणि तुझ्या जुन्या अर्जात त्या प्रश्नापुढे तू ‘लागू नाही’ लिहिलंयस. गुरुवारी अकराला ये. मागच्या वर्षीचा अर्ज तारीख बदलून आणलास तर मला पहिल्या पानावरच कळतं.