हाताला कसं कळतं?

प्रबंध माझा नव्हता, मी फक्त त्याचा मराठी अनुवाद करत होते. विषय कोकणातल्या सुईणींचा. इंग्रजी शीर्षकातच ‘एपिस्टेमॉलॉजी’ हा शब्द होता आणि मी तिथेच अडले. कोशांत ज्ञानमीमांसा, ज्ञानशास्त्र, प्रमाणशास्त्र असे तीन शब्द सापडले. शेवटी कॉलेजात आम्हाला न्यायदर्शन शिकवणाऱ्या बाईंचं दार वाजवलं.

“‘सुईणींची ज्ञानमीमांसा’ कसं वाटतं, बाई?”

“मीमांसा कोण करतंय? सुईण, की प्रबंध लिहिणारी?”

“लिहिणारी. पण तिचं म्हणणं, सुईणींची स्वतःची अशी एक एपिस्टेमॉलॉजी आहे. स्त्रीवादी, दलित, आदिवासी... हल्ली हा शब्द अनेकवचनात वापरतात.”

“वापरू देत. पण तो शब्द एका प्रश्नासाठी घडवला गेला होता. स्कॉटलंडच्या जेम्स फेरियरनं १८५४ च्या पुस्तकात तो वापरला. ग्रीक ‘एपिस्टेमे’ म्हणजे ज्ञान. ज्ञान कशाला म्हणायचं, हा त्याचा प्रश्न. त्याच पुस्तकात अज्ञानाच्या अभ्यासालाही त्यानं वेगळं नाव दिलं होतं, अ‍ॅग्नॉयॉलॉजी. ते टिकलं नाही, याची मला फार हळहळ वाटते. बरं, तुझी सुईण काय म्हणते?”

मी मुलाखतीचं पान काढलं. “पोटावर हात ठेवला की बाळ आडवं आहे की उलटं, ते हाताला कळतं, असं म्हणते.”

“हाताला कळतं.” बाईंनी शब्द सावकाश उच्चारले. “माहीत आहे, असं नाही म्हणाली. कळतं. आणखी?”

“पायाळू मुलावर वीज पडते, म्हणून पावसाळ्यात त्याला जपायचं, असंही म्हणते.”

“आता सांग, ही दोन्ही तिचं ज्ञानच ना?”

मला उत्तर देता येईना. एकाला ज्ञान आणि दुसऱ्याला समजूत म्हणावं, तर आम्ही बाहेरून येऊन तिच्या बोलण्याची वाटणी करणार. दोन्हींना ज्ञान म्हणावं, तर ज्या हातानं बायका सोडवल्या तो हात आणि ती वीज एकाच मापात जाणार. यात तिचा मान कुठे राहतो?

“नैयायिकांना इथे अडचण आली नसती,” बाई म्हणाल्या. “दोरीला साप समजलास, तरी त्यांच्या भाषेत तेही ज्ञानच. जसं आहे तसं कळलं तर ती प्रमा, आणि ती ज्यानं होते ते प्रमाण. म्हणून तर गंगेशाच्या ‘तत्त्वचिंतामणी’चे चार खंड प्रमाणांच्या नावांचे आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. मी तुझ्या जागी असते तर प्रमाणशास्त्र म्हटलं असतं.”

“पण बाई, प्रमाण म्हटलं की सुईण परीक्षेला बसते. आजवर तेच झालं. दवाखान्यात तिला बाहेर थांबवलं, तिचा शब्द कोणी धरला नाही. मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये याला अन्यायच म्हटलं : ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहामुळे बोलणारीवर कमी विश्वास ठेवला जातो.”

“शब्दप्रमाणाबद्दल न्यायभाष्यात वात्स्यायन काय म्हणतो, आठवतं? ज्याला ती गोष्ट साक्षात ठाऊक आहे आणि ती तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, तिघांना सारखंच.”

“भाष्यात म्हटलं. पाठशाळेत म्लेच्छाला कोणी बसवलं?”

बाई बराच वेळ गप्प होत्या. “नाही बसवलं,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं, त्या परंपरेची बाजू घेतील. त्यांनी ती घेतली नाही, म्हणून पुढचं मला बोलता आलं. “गोपाळ गुरूंनी २००२ च्या लेखात हेच विचारलं होतं ना? सिद्धांत एकांनी मांडायचा आणि अनुभव दुसऱ्यांनी पुरवायचा. हा प्रबंधही तेच करतो. अनुभव सुईणीचा, मीमांसा हिची.”

“मग मीमांसा सुईणीच्या बोलण्यातच शोध. समज, मुठीत कवड्या किती, म्हणून मी विचारलं आणि तू पाच म्हणालीस. निघाल्याही पाच. तुला ठाऊक होतं असं म्हणशील? श्रीहर्षानं बाराव्या शतकात हा पेच टाकला. १९६३ मध्ये गेटियरनं तीन पानांत तशाच पेचानं पाश्चात्त्यांची ज्ञानाची व्याख्या हलवली. सुईणीचं खरं ठरतं ते कवड्यांसारखं की आणखी कशामुळे? पोटाबद्दल ती कुठे कारण देते का?”

परिशिष्टात एक जागा होती. मी ती दोनदा वाचून सोडून दिली होती. सुईणीची सून पोट चाचपून म्हणते, डोकं वर आहे. सासू तिचा हात धरते आणि म्हणते, हे डोकं नव्हे, कुल्ला आहे. डोकं कठीण लागतं, हलकं ढकललं की मानेवर एकटं हलतं. कुल्ला ढकलला तर सगळं अंग बरोबर येतं.

बाई पुढे झुकल्या. “हे तिला संशोधिकेनं विचारलं होतं?”

“नाही. ते सुनेला सांगताना सहज टिपलं गेलं.”

“आणि विजेबद्दल? कशावरून म्हणतेस, असं कोणी विचारलं?”

“नाही. ते ‘स्थानिक ज्ञानव्यवस्था’ या प्रकरणात गेलं.”

“म्हणजे दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही. जिला कशावरून असं विचारतच नाहीत, तिला कोणी आप्त मानलेलं नसतं. मग तिच्या बोलण्याला कितीही मोठं नाव द्या.”

हा घाव मलाही लागला. मीसुद्धा महिनाभर नावच शोधत होते.

घरी आल्यावर शीर्षकाची ओळ कोरी ठेवून संशोधिकेला फोन केला. ती सुईण अजून आहे, सून आता आशाताई आहे, दिवाळीनंतर जाता येईल, असं ती म्हणाली. “पण नेमकं विचारायचं काय?”

बाईंकडून निघताना वहीत लिहून घेतलेला प्रश्न मी वाचून दाखवला : हाताला कधी चुकीचं कळलं होतं का, आणि ते चुकलंय हे कशावरून कळलं?