चोरीची गाडी कुणाची?



वर्तकनगरात गाड्या जास्त आणि उभ्या करायला जागा कमी. रात्री इमारतीखाली लावलेली मोटारसायकल सकाळी जागेवर नसते. समजा, ती दहा वर्षांनी सापडली. ज्याच्याकडे सापडली त्याने ती रोख पैसे देऊन, चोरीची आहे हे ठाऊक नसताना घेतली. तिच्यावरच त्याचे पोट चालते. मग गाडी कुणाची?

कायद्याचे उत्तर बरेचसे सरळ आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार, विकणाऱ्याचा जेवढा हक्क, सहसा तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराला हक्कच नव्हता. गाडी चार हातांतून फिरली म्हणून तो निर्माण होत नाही. काळ लोटला त्याचे काय? १९६३ च्या मुदत कायद्यात दाव्याची तीन वर्षे चोरीच्या दिवसापासून नव्हे, तर वस्तू कुणाकडे आहे हे मालकाला कळल्यापासून मोजतात. लपवल्याचे बक्षीस मिळत नाही. मात्र मालकाने विम्याची पूर्ण भरपाई घेतली असेल, तर गाडीवरचा हक्क सामान्यतः विमा कंपनीकडे जातो. पैसेही आपले आणि गाडीही आपली, हे चालत नाही.

तरी मन विचारते, निर्दोष खरेदीदाराने का सोसावे? तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या: वस्तू घेण्याची कृती आणि घेतलेली वस्तू. कृतीत आपला दोष नसेल, तर आपण चोर नाही. पण दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती आहे तोवर ती परत करण्याचे बंधन आहेच. म्हणजे गाडी परत देणे ही त्याला शिक्षा नव्हे. त्याचेही नुकसान झालेले आहे आणि ते विकणाऱ्याकडून वसूल करण्याचा त्याला हक्क आहे. त्यात त्याला साथ देणे हे शेजाऱ्यांचे, आपले, कर्तव्य ठरते.

खरी कसोटी सत्य कळल्यानंतर लागते. ‘मीही फसलो, मग दुसऱ्याला विकून मोकळा होतो’ हा विचार मनात येतो. त्या क्षणापर्यंत आपण निर्दोष असतो, त्यानंतर नाही. पोलिसांकडे जाणे महाग पडते, पण गप्प राहून आपण चोराचे काम पुढे नेतो.

अनुवादाच्या २२ व्या अध्यायात शेजाऱ्याचा भटकलेला बैल मालक येईपर्यंत सांभाळून परत द्यायला सांगितले आहे. आज बैलाच्या जागी मोटारसायकल आली, शेजारी मात्र तोच आहे. म्हणून जुनी गाडी घेताना नोंदणीपुस्तक, इंजिन व चॅसी क्रमांक ताडून पाहू या. फारच स्वस्त मिळत असेल, तर कुणाचे तरी नुकसान त्या किमतीत दडलेले नाही ना, हेही स्वतःला विचारू या.