उपचार कुठवर घ्यावेत?

मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्या मंडळींपुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला डॉक्टरांना विचारला जातो : ऑपरेशनचा उपयोग होईल का? दुसरा धर्मगुरूंना, आणि तो बहुधा दबक्या आवाजात : ऑपरेशन नको म्हटले तर पाप लागेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु त्याच्याशिवाय दुसऱ्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून वैद्यकशास्त्र आज काय सांगते ते आधी थोडक्यात पाहू.

आतड्यांतील रक्त हृदयाकडे परतण्यापूर्वी यकृतातून जाते. त्यामुळे आतड्यातील गाठीपासून सुटलेल्या पेशी पुष्कळदा प्रथम यकृतातच अडकतात आणि तेथे नव्या गाठी धरतात. एके काळी हा शेवटच समजला जाई. परंतु निर्माणकर्त्याने यकृताला एक विलक्षण देणगी दिली आहे. निरोगी यकृताचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग काढला तरी उरलेला भाग काही महिन्यांत वाढून पूर्वीचे काम सांभाळू लागतो. क्लोद कुइनो या फ्रेंच शल्यविशारदांनी १९५७ साली यकृताचे आठ भाग आणि त्यांचा स्वतंत्र रक्तपुरवठा दाखवून दिला, तेव्हापासून नेमका रोगट भाग काढणे हळूहळू शक्य झाले.

आज अशा रुग्णांपैकी सुमारे पाचांतील एकाचीच शस्त्रक्रिया करता येते. काहींच्या गाठी आधी औषधांनी लहान करून घ्याव्या लागतात. ज्यांची शस्त्रक्रिया होते, त्यांतील सुमारे चाळीस टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात आणि काही तर पूर्ण बरे होतात. मात्र निम्म्याहून अधिक जणांत रोग पुन्हा डोके वर काढतो. स्वादुपिंड किंवा जठर यांचा कर्करोग यकृतात उतरला असेल, तर यकृत कापून बहुधा लाभ होत नाही. म्हणजे ‘यकृतात कर्करोग’ या दोन शब्दांवरून आशाही बांधता येत नाही आणि आशा सोडताही येत नाही. प्रत्येक रुग्णाचा हिशेब निराळा.

ख्रिस्तसभेची शिकवण याच हिशेबाकडे बोट दाखवते. सोळाव्या शतकात, भूल देण्याची सोय नसताना, स्पेनमधील फ्रान्सिस्को दि व्हितोरिया व दोमिंगो दि सोतो या डोमिनिकन पंडितांनी हा प्रश्न हाताळला. जीव वाचवण्यासाठी सर्व मालमत्ता विकण्याची, किंवा अवयव कापून घेण्याच्या भयंकर वेदना सोसण्याची सक्ती कोणावर नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. परमगुरू बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना हीच परंपरा पुढे नेली : साधारण उपाय घेणे हे कर्तव्य, असाधारण उपाय घेणे ऐच्छिक. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने (परिच्छेद २२७८) त्यात आणखी स्पष्टता आणली. अपेक्षित लाभाच्या मानाने अति जड, धोक्याचे अथवा असाधारण ठरणारे उपचार थांबवणे हे मरण ओढवून घेणे नव्हे. ती मरणाचा स्वीकार करणारी नम्रता आहे. आणि हा निर्णय, रुग्ण शुद्धीवर व समर्थ असेल तर, त्यानेच घ्यायचा आहे.

या शेवटच्या वाक्याकडे आमच्या घरांत सर्वांत कमी लक्ष जाते. त्याचा अर्थ समजण्यासाठी वर्धा जिल्ह्याशी नाते असलेल्या दोन थोर पुरुषांकडे पाहावे.

महात्मा गांधींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये डॉक्टरी पेशावर कडक टीका केली होती. तरीही १२ जानेवारी १९२४ रोजी, येरवड्याचे कैदी असताना, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाकडून त्यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली, आणि त्यासाठी लेखी संमती दिली. पुढे १९३६ पासून ते वर्ध्याजवळच्या शेगावी राहू लागले. तेच आजचे सेवाग्राम. तेथे १९६९ साली त्यांच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथून काही मैलांवर, धाम नदीकाठच्या पवनार आश्रमात, १९८२ च्या नोव्हेंबरात आचार्य विनोबा भावे यांना हृदयविकाराचा झटका आला. वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांनी औषध, अन्न व पाणी घेण्याचे नाकारले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला.

औषध नाकारणे आणि अन्नपाणी नाकारणे यांत ख्रिस्तसभा भेद करते. शरीर ग्रहण करू शकते तोवर अन्नपाणी ही रुग्णाची साधी शुश्रूषा होय, असे ती मानते. म्हणून विनोबांचा मार्ग आमचा नव्हे. त्यांच्या अंतःकरणाचा निवाडा करण्याचा अधिकार मात्र आम्हांला नाही. आम्हांला येथे एवढेच दाखवायचे आहे की एकाने शस्त्र स्वीकारले, दुसऱ्याने औषध नाकारले. आणि दोघांनाही आपल्याला काय झाले आहे ते ठाऊक होते. निर्णय त्यांचा होता.

आमच्या कुटुंबांत मात्र काय घडते? अहवाल थोरल्या मुलाच्या हाती पडतो, आणि तो डॉक्टरांना म्हणतो, “बाबांना सांगू नका, ते खचतील.” यामागे प्रेम असते, हे आम्ही जाणतो. पण सत्य लपवले की बाबांचा निर्णयही आपण काढून घेतो. पोट कोणाचे चिरायचे, उरलेले महिने कोणाचे, कोणाशी समेट करायचा राहिला आहे, हे त्यांच्यावाचून इतरांनी कसे ठरवावे? गेथशेमनीत प्रभूने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. परंतु प्याल्यात काय आहे हे त्याला माहीत होते. सत्य हळूवारपणे, रुग्णाला पेलेल तसे सांगावे. मात्र त्याने विचारले असता खोटे सांगू नये.

याच्या उलट बाजूलाही धोका आहे. एखादी आई म्हणते, “माझ्यावर खर्च करू नका, माझे वय झाले.” हे उत्तर ऐकून आपल्याला सुटल्यासारखे वाटले, तर थांबून विचार करावा. ती ऑपरेशनला नको म्हणते आहे, की मुलांच्या कर्जाला? एकाच्या कपाशीवर घर चालते, दुसऱ्याने शेत गहाण टाकले आहे, हे तिने पाहिलेले असते. शेत विकण्याची सक्ती धर्म करत नाही, हे खरे. पण तिला ओझे वाटू न देण्याचे कर्तव्य आपले आहे. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे साह्य मिळू शकते. त्याची चौकशी करणे, कागदपत्रांसाठी सोबत जाणे, नागपुरात वा मुंबईत राहण्याची सोय लावणे, हे धर्मग्रामाचेही काम आहे. ही दारे ठोठावून झाल्यावरही ती नको म्हणाली, तर ते तिचे स्वतःचे उत्तर मानता येईल.

तेव्हा दबक्या आवाजातल्या त्या प्रश्नाला आमचे उत्तर असे : लाभाची खरी आशा असेल आणि ओझे पेलण्याजोगे असेल, तर निव्वळ भीतीपोटी अथवा ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणून उपचार टाळू नयेत. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखण्यास आणि प्रार्थनाही करण्यास सांगतो. पण सर्व जाणून, प्रार्थना करून रुग्ण नको म्हणाला, तर पापाचे भय घालून त्याला टेबलावर झोपवू नये. शस्त्रक्रिया थांबली तरी सेवा थांबत नाही. वेदना शमवणारी औषधे देण्यास ख्रिस्तसभेची पूर्ण मान्यता आहे. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचा संस्कार तर केवळ शेवटच्या घटकेसाठी नाही. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही तो घेता येतो. म्हणून आजार गंभीर आहे असे कळताच धर्मगुरूंना बोलवा, आणि खोलीबाहेर कुजबुजण्यापेक्षा सर्वांनी मिळून रुग्णाच्या खाटेजवळ बसा.